बहिणींच्या सह्या आणि आपलं घर

आम्ही पाचजणी. वयं बावन्न ते अडुसष्ट. एक निवृत्त परिचारिका, एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, दोघी शिक्षिका, आणि मी – बहुतेक आयुष्य संघटनेच्या मानधनावर काढलेली. दोघी अविवाहित, एक विधवा, एक घटस्फोटित, एक परित्यक्ता. मोर्च्यांत, शिबिरांत, सल्ला केंद्राच्या बाकावर आमची मैत्री झाली आणि टिकली. गेली तीन-चार वर्षं आमच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : म्हातारपणी कुठं राहायचं?

भावाच्या घरी नको, भाच्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत नको, वृद्धाश्रमही शक्यतो नको. मग ठरलं, की गावाकडं थोडी जागा बघायची. लहानसं घर, पुढं अंगण, मागं चार झाडं, भाजीचा वाफा. पाचजणींनी पैसे घालायचे आणि मिळून राहायचं. शिबिरांना जागा होईल. मारहाणीतून बाहेर पडलेल्या एखादीला चार महिने टेकायला जागा होईल.

अशी जागा शोधणाऱ्या बायका आणि बायकांचे गट आता बरेच भेटतात. म्हणून आमचा अनुभव लिहिते आहे आणि त्यावरून झालेलं माझं मतही. मत थोडक्यात असं : बायकांनी जमीन जरूर घ्यावी. पण ती कुणाच्या हातून सुटून आपल्याकडे येते आहे, हे बघितल्याशिवाय घेऊ नये.

आधी ‘घ्यावी’ या बाजूनं

‘स्वतःचं घर, स्वतःची जमीन’ हे स्वप्न शहरी बायकांचं खूळ आहे, असं कुणी म्हणालं की मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात दौंडजवळ केडगावला जमीन विकत घेतली. फळबाग लावावी आणि शारदा सदनाचा खर्च तिच्यातून निघावा, दुसऱ्यांच्या देणग्यांवर कायमचं अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार बायका-मुलींना आणलं, तेव्हा ठेवायला जागा होती ती या जमिनीमुळं. त्यानंतर काही वर्षांनी, १९०० साली, अण्णासाहेब कर्व्यांचा विधवाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. तिथली जमीन देणगी म्हणून मिळालेली होती. दोन्ही कामं मोठीच. पण एका ठिकाणी बाईनं जमीन घेतली आणि दुसऱ्या ठिकाणी बायकांसाठी जमीन मिळाली, हा फरक आपण फारसा बोलत नाही. जमिनीचा कागद बाईच्या हातात असला की तिथं काय चालवायचं हे तिला ठरवता येतं.

चळवळीनंही हे वेळोवेळी ओळखलं आहे. बोधगयेच्या भूमी आंदोलनात बायकांनी विचारलं, की लढ्यात आम्ही पुढं, लाठ्या आम्ही खाल्ल्या, मग पट्टे नवऱ्यांच्या नावानं का? १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, आणि त्यानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, ही तिची मागणी. त्या मोहिमेतल्या मर्यादांवर आपण तेव्हाही बोललो होतो – जमीन बाईचा हक्क म्हणून येत नव्हती, नवऱ्याच्या ऋणफेडीतून येत होती. तरी सातबाऱ्यावर बायकांची नावं चढली, हे खरं.

नाव चढल्यानं काय होतं, याचा एक अभ्यास मी शिबिरांत नेहमी सांगते. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित बायकांच्या नावावर ना घर होतं ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी संसारात दीर्घकाळ मारहाण सोसली होती. नुसती जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, नुसतं घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होतं. सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ‘जाऊ कुठं?’ या प्रश्नाला ज्या बाईजवळ उत्तर आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस थबकतो.

आणि तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांपैकी बायका होत्या सुमारे १४ टक्के. शेतात राबणाऱ्या बायका किती, हे आपल्याला माहीत आहे.

तेव्हा ‘घ्यावी’ याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. प्रश्न पुढं आला.

आम्ही पाहिलेली जागा

भोर तालुक्यातल्या एका गावात एजंटनं जागा दाखवली. पुण्याहून दीड-दोन तास. चोवीस गुंठे, त्यात भाताची दोन खाचरं, बाकी वरकस, आणि कडेला दोन खणांचं कौलारू घर. किंमत चोवीस लाख. पाचजणींत वाटली तर आवाक्यातली. बँकेतल्या मैत्रिणीनं एसटीतच हिशेब मांडला होता : कौलं शाकारायला किती, बोअर मारायची तर किती, संडास-न्हाणीघर आत घ्यायला किती. परिचारिका मैत्रिणीचे प्रश्न वेगळे होते. रात्री कुणाला छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार? ग्रामीण रुग्णालय किती लांब? पावसाळ्यात रस्ता राहतो का? हे प्रश्न रोमँटिक नाहीत, पण साठी ओलांडलेल्या बायकांनी पहिले विचारायचे प्रश्न हेच.

घरात एक आजी होत्या. मालकाची विधवा. त्यांनी आम्हाला कोरा चहा दिला, मागचं आंब्याचं झाड दाखवलं. थोरल्या मुलाच्या वेळी बाळंतीण होते तेव्हा लावलेलं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, “घ्या बायांनो, तुम्ही ऱ्हायलात तर घरात दिवा तरी लागंल.”

“आणि तुम्ही, आजी?”

“पोरं न्हेतील की. चार महिनं ह्येच्याकडं, चार महिनं त्येच्याकडं.”

आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. पाच म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायका निवारा शोधत आल्या होत्या, आणि त्यांना मिळणारा निवारा एका म्हाताऱ्या बाईचा होता.

परत निघताना एजंट सांगू लागला, “ताई, टायटल एकदम क्लिअर. दोघं भाऊ एकविचारानं विकतायत. तीन बहिणी आहेत, पण त्यांची काही अडचण नाही. हक्कसोड करून देतायत, आई पण देतीय. मग खरेदीखत फक्त दोन भावांचं. तुम्हाला काही झंझट नाही.”

सातबारा बघितला. भावांची नावं कब्जेदार म्हणून, आई आणि तीन बहिणी ‘इतर हक्का’त. आपल्याकडं हे असंच असतं. बाप मेल्यावर वारस म्हणून सगळ्यांची नोंद करायची, पण बायकांना त्या रकान्यात बसवायचं जिथं सोसायटीचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा लिहितात.

हिशेब अवघड नाही. आई, दोन मुलगे, तीन मुली – सहा वाटेकरी. जमीन वडिलोपार्जित धरा किंवा बापाची स्वकष्टार्जित धरा, आजच्या हिंदू वारसा कायद्यानं प्रत्येकाचा वाटा येतो एक-षष्ठांश. म्हणजे चार लाख रुपये. चार बायका मिळून सोळा लाखांचा हक्क सोडणार होत्या, नाममात्र मुद्रांकाच्या कागदावर, एक पैसाही न घेता, आमची खरेदी होण्याच्या दोन-चार दिवस आधी. आणि तो हक्क सोडल्यामुळंच आमच्यासाठी टायटल ‘क्लिअर’ होणार होतं.

हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. १९५६ च्या कायद्यात मुलीला बापाच्या वाट्यात वाटा मिळाला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलाला राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो मुलींना दिला, तोही तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. बाप त्या तारखेला जिवंत होता की नव्हता, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मिटवला. प्रत्येक टप्प्यावर बायकांनी निवेदनं दिली, सभा घेतल्या, पोस्टरं लावली. त्यातली काही पोस्टरं आम्ही पाचजणींनी रंगवली आहेत.

आमच्यातलं भांडण

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते इथं मांडते, कारण दोन्ही बाजूंना तथ्य होतं.

एक शिक्षिका मैत्रीण म्हणाली, “महाराष्ट्रातला कुठलाही सातबारा उचला, त्याच्याखाली बहिणीची सही किंवा अंगठा सापडेल. असा डाग नसलेली जमीन शोधत बसलो तर आपण वृद्धाश्रमातच मरू. फार्महाऊस घेणारे पुरुष हा प्रश्न क्षणभर तरी विचारतात का? सगळी नीतिमत्ता बायकांनीच का वाहायची?”

दुसरी म्हणाली, “आपल्यातल्या तिघींनी स्वतः हक्कसोड केलंय. मी केलंय. भावाचा संसार नुकता लागला होता, आई म्हणाली सही कर, मी केली. मग मी कुठल्या तोंडानं त्या मुलींना सांगू?”

हे खरं आहे. आम्ही तिघींनी सह्या केल्या आहेत, त्यात मीही आहे. १९९० मध्ये, म्हणजे शिबिरांत ‘माहेरच्या मिळकतीत वाटा’ शिकवत असतानाच. माहेर सुटू नये म्हणून. बाईला माहेर ही एकच जागा असते जिथं ती न सांगता जाऊ शकते. मार खाल्ला की, बाळंतपण आलं की, नुसतं मन उबगलं तरी. त्या दाराची किंमत ती आपल्या वाट्यानं भरते. भाऊ तसं उघड म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही.

शेवटी आम्ही भावांकडं निरोप धाडला : हक्कसोड नको. आई आणि तिघी बहिणी खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून सही करोत. सहाजणांना सहा वेगळे चेक. आणि आजींना हवं असेल तर त्यांनी हयातभर त्याच घरात, त्यांच्याच खोलीत राहावं. तसं आम्ही कागदावर लिहून देऊ.

थोरला भाऊ सभ्यपणे बोलला. “ताई, तुम्ही जमीन घ्यायला आलात की आमच्यात भांडणं लावायला? आणि आई परक्या बायकांकडं राहिली तर गाव आम्हाला काय म्हणेल?” दोन दिवसांनी मधल्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती. “ताई, तुमचं बरोबर असंल. पण माझं माहेर तोडू नका.”

आम्ही ती जमीन घेतली नाही. दीड महिन्यात ती दुसऱ्या कुणीतरी घेतली. हक्कसोड झालं, खरेदीखत झालं, आजी थोरल्याकडं गेल्या.

आमच्या नकारानं कुणाला काय मिळालं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. बहिणींना चार लाख मिळाले नाहीत, आजींचं घर राहिलं नाही आणि आम्हालाही घर मिळालं नाही. आमची सही त्या कागदावर नाही, एवढंच. हे फार मोठं काही नाही, हे मी कबूल करते. पण ‘तिचा निर्णय तिचा’ हे जितकं खरं, तितकंच आमचा निर्णय आमचा हेही खरं. तिनं सही करावी की नाही हे ठरवणाऱ्या आम्ही कोण? पण तिच्या सहीचा फायदा घ्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या आम्हीच. ती दाबाखाली आहे हे ओळखायला आम्ही आयुष्यभर शिकलो. घराची गरज आम्हाला लागली म्हणून तेवढ्यापुरतं न ओळखल्यासारखं करता येणार नाही.

महिन्याभरानं धाकट्या बहिणीनं फोन केला. “ताई, माझा हिस्सा किती झाला असता?” मी सांगितलं, चार लाख. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. ठाऊक असावं म्हणून विचारलं.”

तिला आकडा कुणीच सांगितला नव्हता.

‘शेतकरी’ कोण?

या शोधात आणखी एक गोष्ट उघडी पडली. शेतजमीन घ्यायची तर आपल्या भागात १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं : शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विदर्भ-मराठवाड्याला वेगळे कायदे आहेत, पण धोरण तसंच. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे राज्यात कुठंतरी तुमच्या नावाचा सातबारा.

आमच्या पाचजणींत असा सातबारा एकीचाच निघाला. १९९७ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वडिलांच्या जमिनीचं हक्कसोड करायला तिनं नकार दिला होता. भाऊ अकरा वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या वाट्याला सोळा गुंठे जिरायत आलं, ज्यातून वर्षाला दोन पोती ज्वारी येते. आम्हीही तेव्हा तिला म्हणालो होतो, कशाला एवढं ताणतेस? आज कायद्याच्या लेखी आमच्यात शेतकरी ती एकटी. बाकी आम्ही चौघी, ज्यांचं बालपण खुरपणी-लावणीत गेलं, त्या ‘बिगरशेतकरी’. हक्कसोडाच्या सहीनं आम्ही नुसता जमिनीचा तुकडा सोडला नव्हता, पुन्हा शेतजमीन घेण्याची वाटही बंद केली होती. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आजही सही घेताना कुठल्या बहिणीला कुणी सांगत नाही.

मग खरेदी एकीच्याच नावावर करायची? मैत्रीवर विश्वास आहेच. पण सगळ्यांचे पैसे आणि एकीचं नाव, हेच तर घराघरांत चालतं आणि त्यावर आपण टीका करतो. संस्थेच्या नावावर घ्यायची तर संस्थाही शेतकरी नाही, परवानगी हवीच. शिवाय सार्वजनिक न्यासाची मिळकत पुढं विकायची वेळ आली तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. म्हणून आमच्यासारख्यांना बरा मार्ग म्हणजे गावठाणातलं घर. त्याला शेतकरी असण्याची अट नाही, पाचही नावं लागू शकतात, शेजार असतो, दवाखाना आणि दुकान जवळ असतं. अंगण लहान मिळेल. भाताची खाचरं मिळणार नाहीत. पण शेती करायचीच असेल तर झहीराबाद भागातल्या दलित बायकांच्या संघांनी केलं तसं पडीक जमिनी मिळून खंडानं करता येतात. त्या बायकांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे : मालकी नंतर, आधी बियाणं आणि धान्य आपल्या हातात.

आपल्या मागं काय?

मिळून घेतलेल्या घराचं आपल्या मागं काय होणार, हे आधीच ठरवावं. कारण न ठरवल्यास कायदा ठरवतो, आणि तो आपल्या बाजूचा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ बघा. मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आलेली एक हकिगत तर विसरता येत नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकललेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई मृत्युपत्र न करता वारली. तिची स्वतःच्या कमाईची मिळकत न्यायालयानं सासरच्या वारसांना दिली. कायद्यात सहानुभूतीला जागा नाही, असाच त्या निकालाचा सूर.

आमच्यातल्या परित्यक्ता मैत्रिणीचा घटस्फोट झालेला नाही, मूल नाही. उद्या ती गेली तर तिच्या वाट्याचा धनी ठरेल तो नवरा, ज्यानं तिला सत्तावीस वर्षांपूर्वी टाकलं. आम्हा बाकीच्या चौघींचा नवा भागीदार तो! तेव्हा मृत्युपत्र लगेच करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुस्लिम मैत्रिणींना मात्र वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशापुरतंच देता येतं, म्हणून त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

काय बघावं, काय मागावं

जागा घेणाऱ्या मैत्रिणींसाठी माझ्या अटी अशा.

पहिली, सातबारा आजचा एकट्यानं बघू नये. जुने फेरफार काढावेत. कुठल्या साली कुणाचं नाव कशानं कमी झालं, ते वाचावं. तिथं बायकांची नावं एकेक करून गळताना दिसतात. आदिवासी खातेदाराची जमीन, वतनाची किंवा सरकारनं दिलेली भोगवटादार वर्ग २ ची जमीन, कुळाचा हक्क – असं काही आढळलं तर ‘परवानगी काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहावं. कातकरी वाडीचा रस्ता बंद करून उभं राहिलेलं कुंपण बायकांचं असलं तरी कुंपणच.

दुसरी, हक्कसोड ताजं असेल तर थांबावं. सगळ्या बायका ‘लिहून देणार’ असाव्यात, प्रत्येकीचा चेक तिच्या खात्यावर जावा. भाव थोडा जास्त पडला तरी चालेल.

तिसरी, त्या घरात आज कोण राहतं आणि ती कुठं जाणार, हे तिलाच एकटीला गाठून विचारावं.

चौथी, आपली सगळ्यांची नावं कागदावर, आणि मृत्युपत्रं तयार. राहण्याच्या घराच्या खरेदीत फक्त बाईचं नाव असेल तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही त्यातली अट २०२३ मध्ये काढली गेली. शेतजमिनीला ही सवलत नाही.

पण खरेदी करणाऱ्या चार बायकांनी अटी पाळून हा प्रश्न सुटणार नाही. आमच्या अनुभवानं ते दाखवलंच. म्हणून संघटनांनी एक मागणी उचलावी असं मला वाटतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवताना त्या बाईला भावांपासून बाजूला बसवून, तिच्या वाट्याची आजची किंमत रुपयांत वाचून दाखवावी, आणि या सहीनं शेतकरी असल्याचा तिचा पुरावाही जाऊ शकतो हे सांगावं. मग तिनं खुशाल सही करावी. आज ज्या टेबलाशी अंगठा घेतात, त्या टेबलाशी पाच मिनिटं बोलणं एवढंच हे काम आहे. आणि ते होईपर्यंत आपल्या सल्ला केंद्रांनी बायका मार खाऊन येण्याची वाट न बघता, गावात कुठं जमीन विकायला निघाली की त्या घरच्या लेकींपर्यंत पोचावं. सल्ला द्यायची घाई नको. आकडा तरी सांगावा.

आमचा शोध चालू आहे. सध्या गावठाणातलं एक घर बघतो आहोत, विकणाऱ्या दोघी बहिणीच आहेत, हे ऐकून आमच्यातली बँकवाली म्हणाली, “आता भावाची सही लागते का बघा!” खूप दिवसांनी पाचजणी एकदम हसलो.

तुमच्या भागात बायकांच्या गटांनी अशी जागा घेतली असेल, किंवा घेता घेता सोडली असेल, तर जरूर लिहा. हक्कसोड केलेल्या मैत्रिणींनीही लिहावं. आपण का सही केली, हे आपण एकमेकींना अजून सांगितलेलंच नाही.